स्क्रीनवरचा स्फटिक: आउईचे ठोकळे, सॉवर्बीचे दगड आणि वाघोलीचा निळा

मोबाइलवर एखादा साहसी गेम उघडा. नायक गुहेत शिरतो, अंधार होतो आणि पुढच्याच वळणावर स्फटिक चमकायला लागतात. ते कसे दिसतात हे मी न सांगताही तुमच्या डोळ्यांसमोर आलं असेल. जांभळे किंवा निळसर, सहा बाजूंचे, टोकाला निमुळते, आत दिवा लावल्यासारखे उजळलेले. तासलेल्या पेन्सिली टोक वर करून जमिनीत रोवाव्यात तसे. गेम बदला, गुहा बदला, स्फटिक तेच.

आता दुसरी गोष्ट. जगात आजवर नोंद झालेल्या खनिजांची संख्या सहा हजारांच्या घरात आहे. त्यांत घनासारखी आहेत, पंख्यासारखी आहेत, कापसाच्या बोंडासारखी आहेत, द्राक्षांच्या घडासारखी आहेत. काही इतकी बारीक की केस वाटावेत, काही इतकी जाड की शवपेटी वाटावी. मग स्क्रीनवर येईपर्यंत या सगळ्यांतून एक जांभळी पेन्सिलच का उरते?

मी पोटापाण्यासाठी सॉफ्टवेअर लिहितो आणि रात्री उरलेल्या वेळात थ्रीडी चित्रं करतो. दोन्हीकडे सवय एकच: काही विचित्र दिसलं की ते आलं कुठून, हे शोधत मागे जायचं. या पेन्सिलीचा माग काढत मी जवळपास सव्वादोनशे वर्षं मागे गेलो आणि दोन माणसांपाशी थांबलो. एक पॅरिसचा, एक लंडनचा. दोघंही १८२२ साली वारले. दोघांनीही खनिजांची शेकडो चित्रं मागे ठेवली. पण ती शेजारी शेजारी मांडली तर ती एकाच प्रकारच्या वस्तूची आहेत यावर विश्वास बसत नाही.

पॅरिसचे ठोकळे

पहिला माणूस रने-जुस्त आउई. जन्म १७४३, पेशा धर्मगुरूचा आणि शिक्षकाचा. त्याच्याबद्दल एक आख्यायिका सांगतात. एका मित्राकडे खनिजांचा संग्रह बघताना त्याच्या हातून कॅल्साइटचा एक नमुना खाली पडला आणि फुटला. बाहेरून तो खांबासारखा होता, पण फुटल्यावर तुकडे निघाले ते तिरक्या डब्यांसारखे. आउईने घरी जाऊन वेगवेगळ्या आकारांचे कॅल्साइट मुद्दाम फोडले. बाहेरचा आकार कुठलाही असो, आतून डबा तोच.

आख्यायिका खरी असो वा नसो, पुढचं सगळं छापील आहे. १७८४ मध्ये त्याने स्फटिकांच्या रचनेवरचं पहिलं पुस्तक काढलं आणि १८०१ मध्ये खनिजशास्त्रावरचा मोठा ग्रंथ. त्याचं म्हणणं असं: प्रत्येक स्फटिक हा अतिशय बारीक, एकसारख्या ठोकळ्यांची रास असतो. एका थरावर दुसरा थर ठेवताना कडेच्या ठरावीक ओळी कमी करत गेलं की पायऱ्या तयार होतात. ठोकळे इतके बारीक की पायऱ्या डोळ्याला दिसत नाहीत, सपाट तिरकी बाजू दिसते. नुसत्या घनांपासून बारा बाजूंचा स्फटिक कसा उभा राहतो, हे त्याने चित्र काढून दाखवलं.

ती चित्रं बघितल्यावर आपल्या पिढीला एकच शब्द सुचतो: माइनक्राफ्ट. ठोकळ्यांवर ठोकळे, पायऱ्या पायऱ्यांचा डोंगर. आज थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये ज्याला व्हॉक्सेल म्हणतात, ती कल्पना त्या तांब्याच्या पत्र्यावरच्या छपाईत स्पष्ट दिसते.

आउईच्या आधी पाया घालून झाला होता. १६६९ मध्ये निकोलस स्टेनो या डॅनिश माणसाने क्वार्ट्झ, म्हणजे आपली गारगोटी ज्या खनिजाची असते ते, तपासून सांगितलं होतं की स्फटिक वेडावाकडा वाढला, एक बाजू फुगली, दुसरी आकसली, तरी दोन ठरावीक बाजूंमधला कोन बदलत नाही. १७८३ मध्ये रोमे द लील याने कोन मोजायचं साधं उपकरण वापरून असंख्य खनिजांवर हे पडताळून पाहिलं. आउईने कोन का बदलत नाही याचं कारण दिलं. फ्रेंच राज्यक्रांतीत, १७९२ साली, धर्मगुरू म्हणून त्याला तुरुंगात टाकलं होतं. तरुण निसर्गशास्त्रज्ञ जॉफ्र्वा सँ-तिलेर याने धडपड करून त्याला सोडवलं. त्यानंतर काही दिवसांतच पॅरिसच्या तुरुंगांमध्ये कैद्यांची कत्तल झाली. थोडक्यात, हे शास्त्र काही दिवसांच्या अंतराने वाचलं.

पण आता त्याच्या चित्रांकडे चित्र म्हणून बघू. काळ्या रेषा आहेत. सावली नाही, रंग नाही. दगड कशाला चिकटला होता ते नाही, कुठे टवका उडाला होता ते नाही. मागच्या कडा तुटक रेषेने दाखवलेल्या. आजच्या भाषेत हा शुद्ध वायरफ्रेम. आउईला दगड काढायचाच नव्हता. त्याला त्या दगडामागचा नियम काढायचा होता, आणि नियमाला टवके नसतात.

लंडनचे दगड

दुसरा माणूस जेम्स सॉवर्बी. जन्म १७५७, शिक्षण रॉयल अकॅडमीत, पेशा चित्रकाराचा. ब्रिटनमधल्या वनस्पतींची अडीच हजारांहून अधिक चित्रं असलेल्या 'इंग्लिश बॉटनी' या मालिकेसाठी तो प्रसिद्ध आहे. पण १८०२ पासून त्याने खनिजं हातात घेतली. 'ब्रिटिश मिनरॉलॉजी' हप्त्याहप्त्याने निघत राहिली, १८१७ पर्यंत. देशाबाहेरच्या खनिजांसाठी त्याने 'एक्झॉटिक मिनरॉलॉजी' वेगळी काढली. चित्र तांब्याच्या पत्र्यावर कोरायचं, छापायचं आणि मग एकेक प्रत हाताने रंगवायची.

सॉवर्बी नेमका तो दगड काढतो जो त्याच्या टेबलावर आहे. कॉर्नवॉलचं तांबं असेल तर त्याच्या फांद्या जशा वाकल्या तशा. डर्बीशरचं फ्लोराइट असेल तर त्याचे घन एकमेकांत घुसलेले, अर्धे तुटलेले, खाली मूळ खडकाचा मळकट तुकडा लागलेला. गंज दिसतो, भेग दिसते. काही पानांवर कोपऱ्यात आउईच्या धर्तीची छोटी रेषाकृतीही असते. म्हणजे नियम त्याला माहीत होता. पण पानाचा मोठा भाग तो दगडाला देतो. सोबतच्या मजकुरात नमुना कुठला आणि बऱ्याचदा कोणी पाठवला, हेही लिहितो. १७९५ मध्ये यॉर्कशरच्या एका शेतात उल्का पडली, तीही त्याने मिळवली, काढली आणि मालिकेत घातली.

रंगासाठी त्याचा जीव किती तुटत होता हे त्याच्या आणखी एका पुस्तकावरून कळतं. १८०९ मध्ये त्याने रंगांच्या उपपत्तीवरच पुस्तक लिहिलं. दगड छापायचा म्हणजे रंग नेमका हवा, आणि नेमका म्हणजे काय हे कोणी ठरवलेलंच नव्हतं. जर्मनीतल्या फ्रायबर्गच्या खाणशाळेत अब्राहम वेर्नर खनिजं ओळखण्यासाठी रंगांना पक्की नावं देत होता. त्याच यादीवरून पॅट्रिक साइम या चित्रकाराने १८१४ मध्ये रंगाच्या नमुन्यांसह पुस्तक काढलं आणि ते पुढे चार्ल्स डार्विन 'बीगल' जहाजावर घेऊन गेला. वेब डिझायनरच्या हेक्स कोडचे हे पणजोबा. रंगाला पत्ता देण्याच्या या धडपडीत दगडांचा मोठा वाटा आहे.

काही वर्षांपूर्वी शिकागोच्या निकोलस रुजू या डिझायनरने डिजिटल ग्रंथालयांतल्या स्कॅनमधून सॉवर्बीची सगळी खनिजं एकेक करून कापून काढली, त्यांच्यामागचा जुना कागद पुसला आणि २,२४२ चित्रं रंगाच्या क्रमाने एका पानावर लावली. मी ते पान पहिल्यांदा मोबाइलवर उघडलं ते रात्री. स्क्रोल करत राहिलो. पांढऱ्यातून पिवळा, पिवळ्यातून तांबूस, तिथून हिरवा, निळा, काळा. दोन हजारांवर दगड आणि एकासारखा दुसरा नाही. खनिजांच्या डिजिटल कलेतलं मला माहीत असलेलं हे सर्वांत सुंदर काम. आणि त्यात एकही पॉलिगॉन नाही, फक्त दोनशे वर्षांपूर्वी नीट बघितलेले दगड आहेत.

१९८०: आकार आणि उजेड

आता संगणकाकडे येऊ. मधल्या काळात स्फटिकशास्त्र फार पुढे गेलं. १९१२ मध्ये माक्स फॉन लाउए आणि त्याच्या सहकाऱ्यांनी स्फटिकातून क्ष-किरण सोडले, लगेच पुढे ब्रॅग पितापुत्रांनी त्या ठिपक्यांवरून अणूंच्या जागा वाचायला सुरुवात केली. आउईचे ठोकळे जवळजवळ बरोबर ठरले, फक्त ठोकळ्याच्या जागी अणूंची मांडणी आली. १९५१ च्या 'फेस्टिव्हल ऑफ ब्रिटन'साठी हेलन मेगॉ या संशोधिकेच्या पुढाकाराने असे अणुनकाशे थेट वॉलपेपरवर, पडद्यांवर आणि कपड्यांवर छापले गेले. स्फटिकाचा डेटा घेऊन त्याची नक्षी करायची, हे काम संगणक घराघरांत येण्याच्या कितीतरी आधी झालं.

मग आलं १९८०. या एका वर्षात दोन शोधनिबंध छापून आले. पहिला 'अमेरिकन मिनरॉलॉजिस्ट'मध्ये, एरिक डाउटी यांचा, स्फटिकांचे आकार संगणकाने काढण्याबद्दल. कल्पना सोपी आहे. स्फटिकाची प्रत्येक बाजू म्हणजे एक सपाट पातळी. तिची दिशा खनिजाच्या रचनेवरून ठरते, ती बदलायची नाही. बदलायचं ते तिचं केंद्रापासूनचं अंतर. सगळ्या पातळ्या मांडा, बाहेरचं कापून टाका, उरतो तो स्फटिक. स्टेनोचा १६६९ चा नियम इथे जशाच्या तशा कोडमध्ये उतरतो: कोन पक्के, आकार मोकळा. फ्लोराइटसाठी घनाच्या सहा पातळ्या आणि अष्टफलकाच्या आठ पातळ्या घेतल्या आणि अंतरांचा स्लायडर सरकवला, की घनाचे कोपरे कापले जात जात शेवटी दोन पिरॅमिड पाठीला पाठ लावल्यासारखा आकार उभा राहतो. निसर्गात हे दोन्ही आकार सापडतात, आणि मधलेही. मी हे लिहून पाहिलं तेव्हा कोड एका स्क्रीनवर मावला. आउईच्या अख्ख्या ग्रंथाचा आत्मा एका लूपमध्ये.

दुसरा शोधनिबंध टर्नर व्हिटेड यांचा, बेल लॅब्जमधला. तो उजेडाबद्दल. कॅमेऱ्यातून एक किरण सोडायचा. तो काचेवर आदळला की त्याचे दोन करायचे: एक परत फिरणारा, एक आत शिरून वाकणारा. ते दोन पुढे जिथे आदळतील तिथे पुन्हा तेच. इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षात आपण घोकलेलं रिकर्शन. पाच पायऱ्यांत एका किरणाचे बत्तीस होतात. त्यांचं ते प्रसिद्ध चित्र, चौकटीच्या फरशीवर तरंगणारे काचेचे आणि आरशाचे गोळे, ६४० बाय ४८० पिक्सेलचं होतं आणि ते तयार व्हायला त्या काळच्या व्हॅक्स संगणकाला ७४ मिनिटं लागली. २०१८ पासून याच जातीचं गणित घरगुती ग्राफिक्स कार्डं गेम चालू असताना करू लागली.

आकार आणि उजेड, दोन्ही सुटले. मग पेन्सिल का उरली?

काचेचा सापळा

कारण दोन्ही शोध आउईच्या बाजूचे होते, नियमाच्या बाजूचे. आणि नियम वापरायला सोपा झाला की सगळे त्यातलं सर्वांत सोपं उदाहरण उचलतात.

थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये काच निवडली की तिचा अपवर्तनांक, म्हणजे उजेड किती वाकतो तो आकडा, साधारण १.४५ ते १.५ च्या आसपास आधीच भरलेला असतो. क्वार्ट्झचा आकडा १.५४. म्हणजे तयार काच लावली की जवळजवळ क्वार्ट्झ मिळतो. क्वार्ट्झ असतो सहा बाजूंचा, टोकाला निमुळता. त्याला जांभळा रंग दिला की झाला ॲमेथिस्ट. आत एक दिवा टाकला की गुहा तयार. कोणी कट केला नाही, कोणी आळशीही नव्हतं. सगळ्यांनी तो पर्याय घेतला जो आधीच भरलेला होता.

आता बाकीच्यांचं काय होतं बघा. कॅल्साइट घ्या. स्टेनोचा ग्रंथ आला त्याच १६६९ मध्ये रास्मुस बार्थोलिन या दुसऱ्या डॅनिश माणसाने आइसलँडचा स्वच्छ कॅल्साइट अक्षरांवर ठेवला आणि त्याला प्रत्येक अक्षर दोनदा दिसलं. हा स्फटिक आत शिरणाऱ्या किरणाचेच दोन किरण करतो. व्हिटेडच्या पद्धतीत आत जाणारा किरण एक धरलेला आहे. रोजच्या वापरातली बहुतेक सॉफ्टवेअर आजही एकच धरतात. त्यामुळे साडेतीनशे वर्षांपूर्वी कोपनहेगनमध्ये टेबलावर दिसलेली गंमत आपल्या स्क्रीनवर सहसा दिसत नाही.

अपोफिलाइट घ्या. हे नाव आउईनेच दिलेलं, कारण तापवल्यावर त्याचे पापुद्रे सुटतात. त्याचा अपवर्तनांक १.५४ च्या जवळपासच, म्हणजे आकड्यावरून तो आणि क्वार्ट्झ सारखेच. पण त्याच्या उभ्या बाजू काचेसारख्या चमकतात आणि डोक्यावरची सपाट बाजू मोत्यासारखी. त्या दिशेत त्याच्यात एकावर एक पातळ थर असतात आणि उजेड त्या थरांवरून परततो. एकाच स्फटिकाला दोन प्रकारची चमक. सगळ्या बाजूंना एकच मटेरियल लावलं की अपोफिलाइट मेला, काचेचा तुकडा उरला.

ओकेनाइट तर स्फटिकासारखा दिसतच नाही. पांढरा, मऊसर गोळा, हात लावला तर मोडेल अशा बारीक तंतूंचा. तो करायचा तर स्फटिक काढायची साधनं बाजूला ठेवून केस काढायची साधनं घ्यावी लागतात. आणि प्रेहनाइट, तो पोपटी द्राक्षांचा घड, त्याला एकही धारदार कड नाही. कडा आणि टोकं म्हणजे स्फटिक, अशी ज्याची समजूत आहे त्याला ही दोन्ही खनिजं कधी सुचणारच नाहीत.

आपल्या पायाखालचा संग्रह

मी मुद्दाम ही नावं घेतली. अपोफिलाइट, ओकेनाइट, प्रेहनाइट, आणि यांच्या जोडीला स्टिल्बाइट, ह्यूलँडाइट, स्कोलेसाइट. जगभरच्या संग्रहालयांत यांचे नावाजलेले नमुने बघायला गेलात तर खाली छोट्या अक्षरात पत्ता असतो: पुणे, नाशिक, जळगाव, मुंबई. बऱ्याचदा जुन्या स्पेलिंगचं 'पूना'.

सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी दख्खनवर लाव्हाचे थर एकावर एक साचले. सह्याद्रीच्या कड्यांवर दिसणाऱ्या आडव्या पायऱ्या त्याच. थिजताना त्यात वायूचे बुडबुडे अडकले आणि पोकळ्या राहिल्या. नंतर त्यांतून कोमट पाणी झिरपत राहिलं, खडकातली द्रव्यं विरघळवत आणि पोकळीच्या भिंतींवर ठेवत. बाहेरून काळा कातळ, आत फिकट गुलाबी स्टिल्बाइट, दोन पंखे देठाशी बांधल्यासारखा. आत सुयांचा स्कोलेसाइट. आत पाणीदार हिरवा अपोफिलाइट.

हे जगाला कळायला कारण झाली रेल्वे. १८५६ ते १८६३ या काळात भोर घाट, म्हणजे खंडाळ्याचा घाट, फोडून मुंबई-पुणे लोहमार्ग नेला. हजारो मजुरांनी सुरुंग लावून कातळ फोडला, आणि फोडलेल्या कातळात हे कप्पे उघडे पडले. त्यांतले नमुने इंग्लंडला पोचले. घाटात किती मजूर पटकी आणि अपघातांनी मेले, याची आठवण त्या कपाटांतल्या चिठ्ठ्यांवर नाही.

रेल्वेचं काम पुढे खडीच्या खाणींनी चालवलं. पुण्याजवळच्या वाघोलीच्या खाणींतून कॅव्हन्साइट निघतं. हे खनिज पहिल्यांदा ओळखलं गेलं ते १९६० च्या दशकात अमेरिकेतल्या ओरेगॉनमध्ये. कॅल्शिअम, व्हॅनेडिअम आणि सिलिकेट, यावरून नाव. पण जगातले उत्तम नमुने वाघोलीचे. पांढऱ्या स्टिल्बाइटवर बसलेली निळी फुलं. हा निळा इतका भडक असतो की फोटो बघून लोकांना तो एडिट केलेला वाटतो. मालाड-कांदिवलीच्या जुन्या खाणींमधून प्रेहनाइट यायचा. शहर वाढत गेलं तशा त्या बंद झाल्या.

इथे जरा थांबायला हवं. या खाणी स्फटिकांसाठी नाहीत. त्या खडीसाठी आहेत. सुरुंग लागतो, पोकळी उघडते, आणि कोणाच्या नजरेस पडली, कोणी हाताने, पहारीने अलगद सोडवली, तरच तो नमुना वाचतो. नाहीतर क्रशर. आपण ज्या फ्लॅटमध्ये बसून मोबाइलवर जांभळी पेन्सिल बघतो, त्याच्या स्लॅबमध्ये चुरा झालेला अपोफिलाइट असणं अगदी शक्य आहे. खाण नसती तर हे कप्पे कधी उघडलेच नसते, हेही तितकंच खरं. खाणच दाखवते आणि खाणच मिटवते.

गेल्या वर्षी अजिंठ्याच्या पायथ्याशी एक विक्रेते मागे लागले होते. फडक्यावर दहा-बारा दगड मांडलेले.

"दादा, घेऊ नका, बघून तर जा."

मी एक हिरवट अपोफिलाइट उचलला. "काका, हा कुठला?"

"जळगावकडचा. विहीर खोदताना निघतो असा."

मी मोबाइल काढून फोटो घेतला. त्यांनी दगड माझ्या हातातून घेतला. "फोटोत नाही येत तो. हा बघा." आणि उन्हात हळूहळू फिरवला. आधी बाजू चमकल्या, काचेसारख्या, एका झटक्यात. मग डोकं उजळलं, दुधाळ, सावकाश. दोन चमकी, दोन वेगळ्या क्षणी. पुस्तकात मी वाचलेलं सगळं त्यांनी मनगटाच्या एका वळणात दाखवलं. स्फटिक ओळखायला तो फिरवावा लागतो, हे त्यांना कोणी शिकवावं लागलं नव्हतं.

यंत्राला न जमणारी गोष्ट

सॉवर्बीला जे करता आलं नाही ते आज करता येतं: दगड फिरवून दाखवणं. डिजिटल कलेची खरी भर हीच आहे, असं मला वाटतं. मग सोपा उपाय सुचतो. चांगले नमुने थ्रीडी स्कॅन करून टाकावेत. मंदिरं, शिल्पं, किल्ल्यांचे दरवाजे आपण असे स्कॅन करतोच की.

इथेच मजा आहे. स्फटिक स्कॅन होत नाही. शंभर बाजूंनी फोटो काढून आकार उभा करणारी पद्धत एका गोष्टीवर चालते: पृष्ठभागावरचा एक ठिपका प्रत्येक फोटोत तोच ठिपका म्हणून ओळखू यायला हवा. पारदर्शक स्फटिकात तुम्ही जो ठिपका बघता तो पृष्ठभागावर नसतोच. तो आतल्या भेगेचा असतो, मागच्या भिंतीचा असतो, नाहीतर खिडकीच्या प्रतिबिंबाचा. तुम्ही एक पाऊल सरकलात की तोही सरकतो. लेझरचंही तेच. म्हणून स्कॅनमध्ये स्फटिकाच्या जागी भोकं पडतात किंवा वितळलेल्या मेणासारखा गोळा येतो. स्कॅन करणारे लोक यावर पांढरी पावडर फवारतात. पण पावडर लावलेला अपोफिलाइट म्हणजे त्याचं सगळं अपोफिलाइटपण झाकून काढलेला फोटो. आणि ओकेनाइटवर फवारायची हिंमत कोण करेल?

चित्र तयार करणाऱ्या एआयकडेही याचं उत्तर नाही. त्याला स्फटिक सांगितला की तो आजवरच्या सगळ्या चित्रांची सरासरी देतो, म्हणजे पुन्हा तीच पेन्सिल. वर बऱ्याचदा शेजारच्या दोन पेन्सिलींचे कोन वेगवेगळे. स्टेनोने १६६९ मध्ये सांगितलेली एकमेव अट मोडलेली.

थोडक्यात, सगळ्याची नक्कल करणाऱ्या यंत्रांच्या काळात स्फटिक ही अशी एक वस्तू आहे जिची नक्कल बघितल्याशिवाय होत नाही. तो उभा करायचा तर आधी आउई व्हावं लागतं: कोन कोणते, पातळ्या कोणत्या, तो कुठल्या दिशेने सहज फुटतो. मग सॉवर्बी व्हावं लागतं: हाच दगड, हा टवका, ही मळकी कड, ही मोतिया चमक. पहिला अर्धा भाग कोडमध्ये मावतो. दुसऱ्या अर्ध्यासाठी दगडासमोर बसावं लागतं. आणि आपल्याकडे, महाराष्ट्रात, बसायला जागा आहे. सिन्नरचं गारगोटी संग्रहालय आहे. भूशास्त्र शिकवणाऱ्या कॉलेजांत धूळ खात पडलेली कपाटं आहेत. अजिंठा-वेरूळच्या वाटेवरची फडकी आहेत. पुण्यातल्या माझ्यासारख्या हजारो इंजिनिअरांच्या ऑफिसपासून वाघोली गाडीने तासाभरावर आहे, तीही ट्रॅफिकमुळे.

सध्या मी एक कॅव्हन्साइट करतो आहे. निळा नीट येत नाही. स्क्रीनवर तो एकतर प्लास्टिकसारखा होतो किंवा शाईसारखा. फुलातल्या पाकळ्यांच्या कडांशी रंग विरळ होतो आणि मध्यावर जवळजवळ काळसर होतो, हे कळायला तीन आठवडे लागले. गेममधल्या गुहेत वापरायला हा फार जड पडेल, आणि तिथे तो कोणी नीट बघणारही नाही. हरकत नाही.

तयार मॉडेल विकणाऱ्या साइटवर गेलात तर फाइलींची नावं 'पर्पल क्रिस्टल ०३', 'जेम ब्लू ११' अशी दिसतील. सॉवर्बीच्या एकाही चित्राला असं नाव नाही. त्याच्याकडे खनिज आहे, गाव आहे, पाठवणाऱ्याचं नाव आहे. म्हणून मी माझ्या फाइलच्या नावात चार गोष्टी लिहायला लागलो आहे: खनिज, खाणीचं गाव, नमुना कुठे बघितला ते, आणि तारीख. नाव लांबलचक होतं, फोल्डरमध्ये अर्धंच दिसतं. पण ती खाण उद्या पाण्याने भरली किंवा तिच्यावर इमारत उभी राहिली, तरी हा निळा वाघोलीचा होता एवढं तरी त्या फाइलला माहीत असेल.